बाकी सहा आणे

माळ्यावरच्या सेहेचाळीस सालच्या वहीत
आण्णांच्या अक्षरात नोंद आहे :
'वळिवडे कँप. लुडवीबाई. फोटो एक, वर्तमानपत्रातला.
सागवानी, सोनेरी पट्टी. बाकी सहा आणे.'
आणि वहीच्या खाली, गोणपाटात गुंडाळलेला, तो.

भांग नीट. कॉलर कडक.
डोळ्यांत रक्तबिक्त काही नाही.
आपल्याकडं असता तर संध्याकाळी रंकाळ्यावर
कुत्रं घेऊन भेटला असता,
आणि आपण आधी नमस्कार केला असता.

आण्णांनी तेच केलं.
पापाच्या तिकटीला दुकान. फ्रेमीत जायचे ते
इनामदार, पैलवान आणि वारलेले.
म्हणजे हाही त्यांतलाच, बाईंचा कुणी थोर माणूस.
म्हणून आपल्या पदरचा चंदनी हार घातला वर.

बाई टांग्यातून उतरल्या. कँपातल्या बेकरीत कामाला,
नखांत पीठ.
हार बघून हसल्या.
'मडकं फुटल्यागत,' आण्णा सांगायचे,
'हसणं न्हवंच ते.'

बाजारात शिकलेल्या मराठीत बोलल्या :
ह्यो माजा न्हाई. ह्यो आमच्या मुलखाचा…
शब्द सापडेना. आण्णांनी पुरवला : सुभेदार?
व्हय. सुभेदार.

वकिलाचा पोरगा. स्वतः वकील.
पियानो वाजवायचा, आणि वाजवताना डोळे मिटायचा.
लढाईत आमचा मुलूख पडला, तो याला बक्षीस मिळाला.
आमच्या राजांच्या वाड्यात बिऱ्हाड केलं,
भिंतीवरची चित्रं उतरवली, पसंत पडली ती ठेवली,
फ्रेमा मात्र बदलून घेतल्या.
कुणाला थोबाडीतसुद्धा मारली नाही त्यानं.
हिरव्या शाईनं सही करायचा.

एका सहीला दंडावर पट्टी.
एका सहीला गल्लीच्या तोंडाला भिंत.
मग आगगाड्या.
आम्हाला दुसऱ्याच फौजेनं बर्फात नेऊन टाकलं होतं,
म्हणून मी वाचले, हे बघा कसलं नशीब.
भाऊ तिकडंच राहिला. पत्रं येत होती. त्याच्या गल्लीतले
ज्यू शिंपी, घड्याळजी, सुईण,
एकेका पत्रात एकेक घर कमी.
मग पत्रच नाही.

त्या गल्लीत एक फ्रेमवाला पण होता.
काच कापताना जीभ दातांत धरायचा.
तुमच्यासारखीच.

आण्णांनी जीभ आत घेतली.

आता फासावर दिला त्याला, बाई म्हणाल्या, पेपरात आलंय.
कोर्टात म्हणाला, माझ्या टेबलावर फक्त कागद यायचे.
मला वाटलं, भिंतीला लावावा,
रोज उठून सांगावं, मी हाय अजून.
काच जाड घाला म्हणाले होते ना,
थुंकल्यावर पुसता यावी म्हणून.
पण हार घातल्यावर बघा,
शोभतोय की हो मेला.

हार त्यांनी स्वतः काढला.
रिकामी फ्रेम मागितली, तेवढ्याच मापाची.
भावाचा फोटो आहे का, आण्णांनी विचारलं.
नाही, म्हणाल्या. फोटो नाही कुणाचाच.
रिकाम्या चौकटीवर हार टाकून
टांग्यात मांडीवर घेऊन गेल्या.
सहा आणे द्यायचे राहिले, मागायचेही.
पुढं कँप उठला. बाई कुठं गेल्या, माहीत नाही.
तिथं आता गांधीनगर, कापडाचे होलसेल,
तीही घरं मागं सोडून आलेलीच माणसं.

परवा नातू वर चढला होता, पतंगाची फिरकी शोधायला.
गोणपाट सोडून बसला.
'कोण ओ हे आजोबा? भारी दिसत्यात.'
मी म्हटलं, गिऱ्हाईक.
नंतर वाटलं, हे काय बोललो आपण.
जाळावा तर बाईंची वस्तू. ठेवावा तर,

खाली कुणीतरी हाक मारली,
लग्नाचा फोटो, बारा बाय अठरा, साधी काच.
हिरा टेकवला, रेघ ओढली.
तोंडात खारट लागलं तेव्हा कळलं
जीभ दातांखाली आलीये.